धरमतर खाडीकाठच्या ग्रामपंचायतींसाठी प्रिंटरची निवड

(निरनिराळ्या कार्यप्रणालींच्या संगणकांवर चालणारे यंत्र कसे ओळखावे)

नागोठण्याकडून वाहत येणारी अंबा नदी धरमतरजवळ रुंद होते आणि पुढे रेवसपाशी मुंबई बंदराच्या पाण्यास मिळते. या खाडीच्या काठची खारभूमी बांधाच्या आधाराने पिकते. बांध आणि उघाड्या शाबूत असतील तोवर भाताचे पीक हाती येते. उधाणाच्या भरतीने बांधास खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमिनीतील क्षार धुऊन निघण्यास पुढील दोन-तीन पावसाळे जावे लागतात. अशा वेळी शेतकऱ्यापुढे दोन कामे एकदम उभी राहतात. एक खांड बुजविण्याचे आणि दुसरे कागद जमविण्याचे. सातबारा, आठ-अ, पंचनाम्याची प्रत, बाधित खातेदारांची यादी, बँक पासबुकाची छायाप्रत हे सर्व थोड्या दिवसांत तयार करावे लागते.

हे कागद आता बहुतांशी संगणकातून निघतात. महसूल विभागाने १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून दिला. पंधरा रुपये शुल्क भरले म्हणजे तो घरबसल्या मोबाईलवर उतरतो. तथापि मोबाईलवरील उतारा अर्जास जोडावयाचा तर तो कागदावर यावा लागतो. ग्रामपंचायतीतील प्रिंटर त्या दिवशी चालला नाही, तर शेतकऱ्यास पेण, वडखळ किंवा नागोठणे गाठावे लागते. त्यात गाडीभाडे जाते आणि दिवसाची मजुरीही बुडते. एका पानाच्या छपाईसाठी हा भुर्दंड फार मोठा होय.

अशा प्रसंगी पुष्कळदा प्रिंटर बिघडलेला नसतोच. कार्यालयातील संगणक बदललेला असतो आणि नवा संगणक जुन्या प्रिंटरला ओळखत नाही, किंवा कागद शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये असतो आणि प्रिंटरला मोबाईलची आज्ञा कळत नाही. दोष खरेदीच्या वेळी केलेल्या निवडीत असतो. म्हणून प्रिंटर घेताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात याचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी, सरपंचांनी आणि शेतकरी गटांच्या चालकांनी आधीच करणे अगत्याचे आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे सर्व व्यवहार चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. गावातील कार्यालयाशी साधारणतः चार प्रकारच्या कार्यप्रणालींचा संबंध येतो.

पहिली विंडोज. कार्यालयांतील बहुतेक संगणकांवर हीच असते. तिच्यातही आवृत्तीचा भेद असतो. विंडोज १० या आवृत्तीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी अलीकडच्या काळातील प्रोसेसर व सुरक्षेची विशेष चिप आवश्यक असते. त्यामुळे जुन्या संगणकांपैकी पुष्कळांवर ती रीतसर बसत नाही.

दुसरी लिनक्स. ही कार्यप्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. सी-डॅक संस्थेने 'बॉस' या नावाची भारतीय लिनक्स तयार केली असून तिची पहिली आवृत्ती २००७ साली निघाली. केरळातील सरकारी शाळांचे संगणक शिक्षण लिनक्सवरच चालते. विंडोज १० बंद पडल्यामुळे जे संगणक अन्यथा भंगारात गेले असते, ते लिनक्स बसवून आणखी काही वर्षे वापरता येतात. मात्र कार्यालयातील प्रिंटरला लिनक्स चालली, तरच या काटकसरीचा उपयोग.

तिसरी अँड्रॉइड. शेतकऱ्यांच्या हातातील बहुतेक मोबाईल हिच्यावर चालतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेताच्या बांधावर उभे राहून पिकाची नोंद मोबाईलवरून करण्याचा प्रघात पडला. तेव्हापासून मोबाईल हे शेतकऱ्याचे एक दप्तरच झाले आहे.

चौथी ॲपल कंपनीची. तिचे मोबाईल व संगणक गावात थोडे असले तरी भेटीस येणारे अधिकारी, अभियंते व शहरात नोकरी करणारे गावकरी यांच्याजवळ ते असतात.

एकाच प्रिंटरने या चारही प्रकारच्या यंत्रांचे काम केले पाहिजे. मेजावर आज जो संगणक आहे तेवढाच नजरेपुढे ठेवून खरेदी केली, तर दोन-तीन वर्षांत पश्चात्तापाची पाळी येते. कारण संगणक आणि मोबाईल झपाट्याने बदलतात, पण नीट निगा ठेवलेला प्रिंटर बरीच वर्षे टिकतो.

प्रिंटरची भाषा

एखादा बैल आपल्या एकट्या गाडीवानाच्याच हाकेवर चालतो. गाडीवान बदलला की तो जागचा हलत नाही. दुसरा बैल इतका शिकलेला असतो की त्याचा कासरा कोणीही धरावा. प्रिंटरचेही असेच दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारच्या प्रिंटरला स्वतःची समज अल्प असते. पानावर कोणता ठिपका कोठे पडावा हे सर्व संगणकाने ठरवावे आणि कंपनीच्या खाजगी सांकेतिक लिपीत कळवावे अशी त्याची रचना असते. हे काम करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर हा संगणक आणि प्रिंटर यांच्यामधील दुभाषी होय. कंपनीने ज्या कार्यप्रणालीसाठी दुभाषी दिला असेल तेवढ्यावरच असा प्रिंटर चालतो. कंपनीने नव्या आवृत्तीसाठी दुभाषी देणे थांबविले की धडधाकट यंत्र निरुपयोगी होते. माहितीपत्रकात 'होस्ट-बेस्ड' किंवा 'जीडीआय' हे शब्द आढळल्यास यंत्र या प्रकारचे आहे असे समजावे. अशी यंत्रे किमतीने स्वस्त असतात. त्यांच्याकडे ग्राहक ओढला जातो तो याच कारणाने.

दुसऱ्या प्रकारच्या प्रिंटरला पानाचे वर्णन करणारी एखादी प्रमाण भाषा स्वतःच कळते. अशा दोन जुन्या भाषा प्रसिद्ध आहेत. अॅडोबी कंपनीची 'पोस्टस्क्रिप्ट' आणि एचपी कंपनीची 'पीसीएल'. दोन्ही १९८४ साली पुढे आल्या आणि अद्याप प्रचारात आहेत. यांपैकी एखादी भाषा प्रिंटरला येत असेल तर कोणत्याही कार्यप्रणालीतील सर्वसाधारण ड्रायव्हरवर त्याचे काम भागते. कार्यालयीन वापराच्या काही लेझर प्रिंटरांना पीडीएफ ही फाईलही थेट छापता येते.

ड्रायव्हरविना छपाई

गेल्या काही वर्षांत याहूनही सोपा मार्ग निघाला आहे. संगणकाने जाळ्यावरून प्रिंटरला विचारावे, 'कोणता कागद आहे, रंग छापता येतात काय, दोन्ही बाजूंनी छापता येते काय?' आणि प्रिंटरने स्वतःच उत्तरे द्यावीत, अशी ही पद्धत आहे. तिच्या मुळाशी 'आयपीपी' हा छपाईचा संकेत असून त्याचे पहिले प्रमाण १९९९ साली प्रसिद्ध झाले. ॲपल कंपनीने २०१० साली 'एअरप्रिंट' ही पद्धत याच पायावर उभारली. २०१३ साली कॅनन, एचपी, सॅमसंग व झेरॉक्स या कंपन्यांनी 'मोप्रिया' नावाचा संघ स्थापिला आणि अँड्रॉइड मोबाईलवरून छापण्याची सोय केली. त्याच वर्षी 'आयपीपी एव्हरीव्हेअर' हे सर्वांसाठी खुले प्रमाण तयार झाले.

लिनक्सवरील छपाईचा कारभार 'कप्स' ही आज्ञावली पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ साली तिच्या रचनेस प्रारंभ केला. पुढे ॲपलने तीच आपल्या संगणकांसाठी स्वीकारली. त्यामुळे एअरप्रिंट जाणणारा प्रिंटर लिनक्सवर बहुधा कोणतीही वेगळी फाईल न बसविता चालतो. विंडोजही याच दिशेने जात आहे. प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोजमार्फत पुरविण्याची पद्धत क्रमाक्रमाने आवरती घेण्याचा आराखडा मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केला.

यावरून कार्यकर्त्यांनी एक व्यवहारी खूण ध्यानात ठेवावी. प्रिंटरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'एअरप्रिंट' आणि 'मोप्रिया' ही दोन्ही नावे असतील, तर तो चारही कार्यप्रणालींवर चालण्याचा संभव अधिक. त्यासोबत पोस्टस्क्रिप्ट अथवा पीसीएल असेल तर अधिकच उत्तम. केवळ 'विंडोजसाठी' असे लिहिले असेल तर सावध व्हावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. इंटरनेटवरील एखाद्या कंपनीच्या दूरच्या संगणकामार्फतच छापणारी व्यवस्था गावच्या कार्यालयाने एकमेव आधार म्हणून पत्करू नये. गूगल कंपनीची 'क्लाउड प्रिंट' ही सेवा जगभर वापरात होती. कंपनीने ती ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केली आणि ज्यांची छपाई तिच्यावरच अवलंबून होती त्यांना नवी तजवीज करावी लागली. शिवाय पावसाळ्यात इंटरनेट खंडित होणे नवीन नाही. कार्यालयातल्या कार्यालयात छपाई करण्यास इंटरनेट लागता कामा नये. खात्याची नोंदणी केल्याशिवाय किंवा मासिक वर्गणी भरल्याशिवाय न चालणारे यंत्रही टाळावे.

जोडणी कशी असावी?

यूएसबी केबल, वायफाय आणि जाळ्याची तार असे जोडणीचे तीन प्रकार आहेत. फक्त केबलवर चालणारा प्रिंटर एका संगणकाला बांधलेला राहतो. तो संगणक बंद असला की इतरांची छपाई थांबते आणि मोबाईलवरून छापणे तर बहुधा साधतच नाही. म्हणून वायफाय किंवा तारेची जोडणी असलेले यंत्र घ्यावे. कार्यालयातील राउटरला तारेने जोडलेला प्रिंटर सर्वांत भरवशाचा असतो. संगणक व मोबाईल त्याच राउटरच्या वायफायवर असले म्हणजे इंटरनेट नसतानाही छपाई होते.

राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायम करून ठेवावा. वीज जाऊन आली की प्रिंटर संगणकाला 'सापडत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हा पत्ता बदललेला असणे हेच कारण असते. केबलने छापण्याची सोयही यंत्रात असू द्यावी, कारण राउटर बंद पडल्यास ती उपयोगी येते.

एकाच यंत्रात छपाई, स्कॅनिंग व झेरॉक्स अशी तिन्ही कामे हवी असल्यास स्कॅनिंगची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी. लिनक्सवर छपाई झाली म्हणजे स्कॅनिंग होईलच असे नाही. दोहोंचे संकेत वेगळे असतात.

शाई की टोनर?

कार्यप्रणालीची कसोटी उतरल्यावर दुसरा प्रश्न हवामानाचा. खाडीकाठी पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि उन्हाळ्यातही हवेत खारट ओल असते. या परिस्थितीत प्रत्येक प्रकारच्या यंत्राचे गुणदोष निराळे दिसतात.

लेझर प्रिंटरमध्ये टोनर नावाची बारीक भुकटी कागदावर तापवून चिकटविली जाते. ही भुकटी वितळून कागदात बसत असल्याने पाण्याचे थेंब पडले तरी अक्षर फुटत नाही. महिनाभर यंत्र बंद राहिले तरी काही बिघडत नाही. परंतु भुकटी वितळविण्यासाठी आतील रूळ दोनशे अंश सेल्सिअसच्या जवळपास तापवावा लागतो आणि त्या क्षणी यंत्र शेकडो वॅट, कधी हजारांहूनही अधिक वॅट वीज ओढते. म्हणून लेझर प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसला जोडू नये. यूपीएस बंद पडतो व संगणकातील अपुरे काम वाया जाते.

शाईच्या टाकीच्या प्रिंटरला वीज थोडी लागते. छापताना साधारणतः वीस-पंचवीस वॅटमध्ये भागत असल्याने तो इन्व्हर्टरवर चालू शकतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हा गुण मोठा आहे. मात्र त्याची शाई दोन प्रकारची असते. रंग पाण्यात विरघळलेली शाई ओल लागताच पसरते. रंगकण असलेली, म्हणजे 'पिगमेंट' शाई तुलनेने टिकते. काळी शाई पिगमेंट असलेलेच यंत्र निवडावे. भात लावणीच्या दिवसांत ओल्या हाताने धरलेल्या उताऱ्यावर गट क्रमांक पुसला गेला, तर तो कागद पुन्हा काढावा लागतो. शाईचा प्रिंटर बराच काळ बंद ठेवल्यास शाई नळ्यांत सुकते, म्हणून आठवड्यातून किमान एक पान छापण्याची शिस्त पाळावी.

ठोक्याने छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कार्बनी पावत्यांच्या व अखंड कागदाच्या कामासाठी अद्याप उपयोगी आहे. पतसंस्था व विकास सोसायट्या यांना त्याची गरज पडू शकते. तो संथ व कर्कश असतो, पण एका वेळी दोन-तीन प्रती काढणे केवळ त्यालाच जमते.

सारांश, ज्या कार्यालयात मुख्यत्वे काळी अक्षरे छापावयाची आहेत आणि वीज बऱ्यापैकी टिकते, तेथे एकरंगी लेझर योग्य. जेथे वीज वरचेवर जाते आणि रंगीत छपाईही हवी, तेथे पिगमेंट काळ्या शाईचा टाकीचा प्रिंटर योग्य.

मराठी अक्षरांची कसोटी

इंग्रजी पान उत्तम छापणारे यंत्र मराठी पान तसेच छापील असे गृहीत धरू नये. येथे दोन अडचणी संभवतात.

पहिली अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोडपूर्व काळात निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फॉन्ट आपापल्या संकेतांनी चालत. त्या फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की अर्थहीन चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीचा समावेश आहे. कार्यालयीन लेखन युनिकोडमध्येच केल्यास ते विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड व ॲपल या सर्वांवर सारखे वाचता येते.

दुसरी अडचण फॉन्ट बदलण्याची. विंडोजवरील 'मंगल' हा फॉन्ट लिनक्सवर सहसा नसतो. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळी वरखाली होतात आणि नमुन्यातील रकाने सरकतात. ग्रामपंचायतीचे नमुने १ ते ३३ हे रकान्यांचेच असल्याने हा घोटाळा विशेष नडतो. यावर उपाय असा की, पत्रक तयार होताच ते पीडीएफ करून ठेवावे. पीडीएफ ही १९९३ साली निघालेली व २००८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेली फाईल होय. तिच्यात फॉन्ट सोबतच साठविता येतो. त्यामुळे कोणत्याही संगणकावरून छापली तरी जोडाक्षरे व रकाने जागच्या जागी राहतात.

डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणीचा क्यूआर कोड असतो. तो पुसट छापला गेला तर मोबाईलने वाचता येत नाही. छापलेला कोड प्रत्यक्ष वाचून पाहणे ही प्रिंटरची एक चांगली परीक्षा होय.

खर्चाचा हिशेब

यंत्राची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. खरा खर्च पानागणिक होत असतो. तो काढण्याची रीत सोपी आहे. टोनर किंवा शाईच्या किमतीस त्यातून निघणाऱ्या पानांनी भागावे. पानांचा आकडा कंपनी खोक्यावर देते. एकरंगी टोनरसाठी तो 'आयएसओ १९७५२' या प्रमाणानुसार व शाईसाठी 'आयएसओ २४७११' नुसार मोजलेला आहे काय ते पाहावे. सोबत आलेले पहिले कार्टरिज पुष्कळदा अर्धवट भरलेले असते, हेही विचारून घ्यावे.

रीत समजण्यासाठी पुढील कल्पित आकडे घ्यावेत. यंत्र 'अ' ची किंमत ९,००० रुपये. त्याचे कार्टरिज १,५०० रुपयांचे व पाने १,०००. म्हणजे पानास दीड रुपया. यंत्र 'ब' ची किंमत १६,००० रुपये. त्याचा टोनर १,५०० रुपयांचा व पाने ५,०००. म्हणजे पानास तीस पैसे. कार्यालयात महिन्यास ५०० पाने छापली जातात असे धरल्यास तीन वर्षांत १८,००० पाने होतात.

यंत्र 'अ' : ९,००० अधिक २७,००० म्हणजे ३६,००० रुपये.
यंत्र 'ब' : १६,००० अधिक ५,४०० म्हणजे २१,४०० रुपये.

खरेदीच्या दिवशी सात हजारांनी महाग वाटलेले यंत्र बाराव्या महिन्यात तो फरक भरून काढते आणि तीन वर्षांअखेर १४,६०० रुपये वाचविते. त्यातच यंत्र 'अ' नव्या संगणकावर न चालल्यामुळे मध्येच बदलावे लागले, तर आणखी ९,००० रुपयांची भर पडते. हा पैसा गावाच्या घरपट्टीतून व पाणीपट्टीतून आलेला असतो हे विसरता कामा नये.

खरेदीपूर्वीची पडताळणी

बी घेताना शेतकरी पिशवीवरील लेबल वाचतो, तरीही घरी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. प्रिंटरच्या बाबतीतही लेबलावर न थांबता परीक्षा घ्यावी. दुकानात अथवा पुरवठादारास कार्यालयात बोलावून पुढील चाचण्या कराव्यात.

१. कार्यालयातील विंडोज संगणकावरून रकाने असलेला एक मराठी नमुना छापावा.

२. लिनक्सचा संगणक असल्यास त्यावरून तेच पान छापावे. नसल्यास लिनक्स भरलेली यूएसबी कांडी घेऊन त्याच संगणकावर ती चालू करून पाहावी. संगणकातील मूळ माहितीस हात न लावता ही चाचणी करता येते.

३. अँड्रॉइड मोबाईलमधील डिजिटल सातबाऱ्याची पीडीएफ, कंपनीचे ॲप न बसविता, छापून पाहावी.

४. राउटरची इंटरनेटची तार काढून ठेवावी व पुन्हा छापावे.

५. छापलेल्या पानावरील क्यूआर कोड मोबाईलने वाचावा.

६. छापून दहा मिनिटांनी पानावर ओले बोट फिरवावे. अक्षर पसरल्यास ते यंत्र पावसाळ्यास योग्य नाही.

७. ए-४ व लीगल हे दोन्ही कागद यंत्रात बसतात काय ते पाहावे. कार्यालयांत लीगल कागदाचे काम अद्याप बरेच असते.

८. टोनर किंवा शाई पेण वा अलिबाग येथे मिळते काय आणि दुरुस्ती कोण करतो, याची चौकशी करावी.

सरकारी खरेदीच्या 'जेम' या संकेतस्थळावरून अथवा दरपत्रके मागवून खरेदी करताना या अटी मागणीपत्रातच लिहाव्यात. 'विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड व ॲपल या कार्यप्रणालींवर, वेगळा ड्रायव्हर न बसविता छपाई व्हावी. इंटरनेटशिवाय जाळ्यावर चालावे. जागेवर चाचणी दिल्यानंतरच स्वीकार होईल' अशी तीन वाक्ये पुरेशी आहेत. अट लिहिलेली नसेल तर नंतर तक्रारीस जागा राहत नाही. मात्र एकाच कंपनीचे नाव लिहू नये. गुण लिहावेत, म्हणजे स्पर्धा राहते.

जुना प्रिंटर लगेच टाकावा काय?

नवा प्रिंटर घेण्यापूर्वी जुना चालविता येतो काय ते पाहावे. विंडोजने नाकारलेले काही जुने प्रिंटर लिनक्सवर चालतात, कारण त्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या स्वयंसेवकांनी जपून ठेवले आहेत. असा प्रिंटर लिनक्स बसविलेल्या एका जुन्या संगणकास केबलने जोडावा आणि तो कप्समार्फत जाळ्यावर सर्वांना खुला करावा. मग विंडोजचा संगणक आणि मोबाईल दोघेही त्या मधल्या संगणकाच्या द्वारे छापू शकतात. गावातील संगणकाचे शिक्षण घेतलेल्या एखाद्या तरुणास हे काम एका दिवसात जमण्यासारखे आहे. त्यात यश न आल्यास मात्र यंत्र ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. उकिरड्यावर किंवा खाडीत टाकू नये.

निगा

खाडीकाठी यंत्राचा मोठा शत्रू ओल. कागदाचे बंद पाकीट लागेल तेव्हाच फोडावे आणि उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवावा. ओल धरलेला कागद यंत्रात वळतो, अडकतो आणि त्यावर टोनर नीट बसत नाही. पावसाळ्यात ट्रेमध्ये दिवसापुरताच कागद ठेवावा. यंत्र खिडकीपासून व पन्हाळीच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच मेजावर असावे. काम संपल्यावर, यंत्र थंड झाल्यानंतर सुती कापडाने झाकावे. पाली, मुंग्या व उंदीर आत शिरू नयेत म्हणून ट्रे उघडा टाकू नये. अडकलेला कागद ओढताना यंत्र बंद करावे आणि कागद फाटू न देता तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेने हलकेच काढावा. विजांचा कडकडाट सुरू झाल्यास विजेची व जाळ्याची दोन्ही तारा काढून ठेवाव्यात.

आणखी एक जबाबदारी कागदांच्या गुप्ततेची. मोबाईलवरून छपाईसाठी घेतलेली आधारकार्डाची किंवा पासबुकाची फाईल काम होताच संगणकातून पुसावी. फसलेली पाने फाडून टाकावीत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहू नयेत. प्रिंटर व राउटर यांचे कारखान्याहून आलेले परवलीचे शब्द पहिल्याच दिवशी बदलावेत आणि नवे शब्द ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या दप्तरी बंद पाकिटात ठेवावेत, म्हणजे बदली झाली तरी मागे अडचण राहत नाही.

समारोप

खारभूमीत बांध घालताना आजच्या भरतीचा नव्हे, तर उधाणाच्या भरतीचा अंदाज घेऊन त्याची उंची ठरवितात. प्रिंटरची निवडही तशीच दूरवरचा विचार करून व्हावी. आज मेजावर विंडोज आहे, उद्या लिनक्स येईल, परवा शेतकरी आणखी निराळा मोबाईल घेऊन येईल. जो प्रिंटर सर्वमान्य संकेत जाणतो, जाळ्यावर इंटरनेटशिवाय चालतो आणि मराठी पान अचूक छापतो, तो या सर्वांना पुरून उरेल.

अशी निवड झालेल्या कार्यालयात खांड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतकरी चिखलाच्या पायांनी आला, तरी त्याच्या मोबाईलमधील उतारा पाच मिनिटांत कागदावर येईल आणि तो उरलेला दिवस बांधावर, मातीच्या पाट्या टाकणाऱ्या शेजाऱ्यांच्या बरोबरीने घालवू शकेल. गावाच्या पैशाने घेतलेल्या यंत्राकडून एवढे काम होणे हीच त्याच्या खरेदीची सार्थकता होय.